भिंतीवरचे दोन खिळे : इटलीतल्या एका वर्गाचा खटला

इटलीच्या उत्तरेला पादुआ शहराजवळ आबानो तेर्मे नावाचं गाव आहे. जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यासाठी ते ओळखलं जातं. आपल्याकडे लोक वज्रेश्वरीला जातात तसे तिकडे लोक अंगदुखी घालवायला आबानोला जातात. २२ एप्रिल २००२ रोजी या गावातल्या एका सरकारी शाळेत शाळा समितीची बैठक होती. शाळेत शिकणाऱ्या दोन भावांच्या वडिलांनी तिथे विषय काढला : वर्गावर्गांत क्रूस टांगलेले आहेत, ते काढायला नकोत का? मुलं ११ आणि १३ वर्षांची होती. २७ मे रोजी समितीने मतदान घेतलं. क्रूस राहू द्यावेत या बाजूने १० मतं पडली, विरुद्ध २, एक जण तटस्थ राहिला.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण मुलांची आई, मूळची फिनलंडची सोइले लाउत्सी, २३ जुलैला व्हेनेतो प्रांताच्या प्रशासकीय न्यायालयात गेली. पुढची जवळजवळ नऊ वर्षं आबानोच्या त्या भिंतीवर आधी व्हेनिसमध्ये, मग रोममध्ये आणि शेवटी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये युक्तिवाद होत राहिले. दहा देशांची सरकारं मध्ये पडली. अंतिम निकाल लागला तेव्हा दोन्ही मुलं शाळा सोडून मोठी झाली होती.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. धर्मनिरपेक्षतेचा धडा आला की दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "बाई, मग आपल्या वर्गात सरस्वतीचा फोटो कसा?" बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं : ती विद्येची देवता, आपली संस्कृती, ती सगळ्यांचीच. लाउत्सी खटल्याचे निकाल एकामागून एक वाचले आणि ते उत्तर माझ्या तोंडून येईनासं झालं. कारण इटलीच्या न्यायालयांनी क्रुसाबद्दल जवळजवळ हेच म्हटलं होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यातली खोट मला दिसली.

एका शब्दाचा खुलासा आधी करते. आपण ज्याला सरसकट क्रूस म्हणतो त्याचे दोन प्रकार आहेत. एक नुसता आडवा-उभा दांडा. दुसरा म्हणजे त्यावर खिळलेल्या येशूच्या देहासकट असलेला. कॅथलिक घरांत आणि चर्चमध्ये तोच असतो. मराठी बायबलमधला जुना शब्द ‘वधस्तंभ’ या दुसऱ्याचा अर्थ जास्त थेट पोचवतो. आबानोच्या वर्गात होता तो देहासकटचा. लहान मूल त्याकडे पाहतं तेव्हा त्याला भूमितीची आकृती दिसत नाही, एक मरणारा माणूस दिसतो.

राजा गेला, क्रूस राहिला

वर्गात क्रूस हवा, हा नियम इटली हा देश एक होण्याच्या आधीचा आहे. ज्या राज्याने पुढे इटली एक केली त्या पिएमाँत-सार्डिनियाच्या राज्याने १५ सप्टेंबर १८६० च्या फर्मानात प्रत्येक शाळेत क्रूस असलाच पाहिजे असं लिहिलं होतं. त्या राज्याच्या १८४८ च्या राज्यघटनेनुसार कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म होता, म्हणून त्यात कोणाला विसंगती वाटायचं कारण नव्हतं. पुढे १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, पोपची सत्ता संपवली, आणि चर्च व राज्य यांच्यात दीर्घ अबोला सुरू झाला. त्या काळात बऱ्याच शाळांतून क्रूस हळूहळू उतरले. फर्मान कागदावर तसंच होतं, कोणी ते पाळण्याचा आग्रह धरत नव्हतं.

मग मुसोलिनी आला. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्याच्या हाती सत्ता आली आणि २२ नोव्हेंबरला, महिनाही उलटला नव्हता, शिक्षण खात्याचं परिपत्रक निघालं : अनेक शाळांतून क्रूस आणि राजाची तसबीर काढली गेली आहे, हे चालणार नाही, दोन्ही ताबडतोब परत लावा. ३० एप्रिल १९२४ च्या फर्मानाच्या ११८ व्या कलमाने ते पक्कं केलं. प्रत्येक शाळेत राष्ट्रध्वज, प्रत्येक वर्गात क्रूस आणि राजाची तसबीर. १९२८ च्या दुसऱ्या फर्मानात वर्गाच्या सामानाची यादी आहे, तिच्यातही क्रूस आहे. बाक, फळा, क्रूस. १९२९ मध्ये मुसोलिनीने पोपशी करार केला आणि कॅथलिक धर्माला राज्याचा एकमेव धर्म म्हणून मान्यता दिली.

त्या भिंतीवर म्हणजे दोन खिळे होते, आणि दोन्ही एकाच हुकमाने ठोकलेले होते. २ जून १९४६ च्या सार्वमतात इटलीच्या लोकांनी राजेशाही मोडीत काढली. राजाची तसबीर उतरली. १ जानेवारी १९४८ पासून नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या ७ व्या कलमानुसार राज्य आणि कॅथलिक चर्च आपापल्या क्षेत्रात स्वतंत्र आणि सार्वभौम आहेत, आणि ८ व्या कलमानुसार सगळे धर्म कायद्यापुढे सारखेच मोकळे आहेत. १९८४ मध्ये पोपशी नवा करार झाला, त्यात राज्याचा एकमेव धर्म ही कल्पना सोडून देण्यात आली. १९८९ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की राज्याची धर्मनिरपेक्षता हे घटनेचं सर्वोच्च तत्त्व आहे. एवढं सगळं बदललं. दुसरा खिळा मात्र जागचा हलला नाही, कारण ते १९२४ चं कलम रद्द करण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

इतिहासाचा हा भाग इतका लांबवण्याला कारण आहे. क्रुसाच्या बाजूने बोलणारे नेहमी ‘शतकानुशतकांची परंपरा’ म्हणतात. इटलीच्या चर्चमध्ये, चौकात, घरात, शेताच्या बांधावर क्रूस शतकानुशतकं आहे, यात शंका नाही. सरकारी वर्गातला क्रूस मात्र सरकारी हुकमाने आलेला आहे, आणि उतरलेला क्रूस पुन्हा चढवणारा हुकूम एका हुकूमशहाच्या पहिल्या महिन्यातला आहे. लोकांनी आपणहून जपलेली खूण आणि सरकारने यादीत लिहून लावलेली खूण, दोन्ही दिसायला सारख्याच. मुलांना हा फरक समजावणं मला सगळ्यांत अवघड जातं.

एकाही न्यायालयाला हात घालायचा नव्हता

लाउत्सी पती-पत्नींच्या हातात एक आधार होता. मार्च २००० मध्ये इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने एका मतदान केंद्राच्या प्रकरणात निकाल दिला होता. केंद्रात क्रूस आहे म्हणून तिथे काम करायला नकार देणाऱ्या माणसाची बाजू न्यायालयाने मान्य केली होती. मतदान केंद्रांसाठी बहुतेक वेळा शाळांचेच वर्ग वापरतात. मतदाराच्या डोक्यावर क्रूस चालत नसेल तर ११ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर कसा चालतो?

सरकारने उत्तर कृतीतून दिलं. खटला दाखल होऊन तीन महिने झाले नव्हते, तोच ऑक्टोबर २००२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने सूचना काढली की वर्गांत क्रूस असतील याची मुख्याध्यापकांनी काळजी घ्यावी. पुढच्या वर्षी ओफेना नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावात एका मुस्लिम पालकाच्या अर्जावरून न्यायाधीशाने शाळेतला क्रूस काढायला सांगितला आणि देशभर गदारोळ उठला. तो आदेश टिकला नाही. अर्जदार मुस्लिम होता म्हणून तो वाद लगेच ‘ते आणि आपण’ असा झाला. लाउत्सींच्या बाबतीत ते जमेना. ही युरोपातलीच, धर्म न मानणारी बाई होती, आणि इटलीतल्या बुद्धिवादी निरीश्वरवाद्यांची संघटना तिच्या मागे उभी होती.

व्हेनेतोच्या न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये प्रकरण घटना न्यायालयाकडे पाठवलं. घटना न्यायालयाने डिसेंबरमध्ये ते परत केलं. कारण तांत्रिक होतं : क्रुसाचा नियम संसदेच्या कायद्यात नाही, फर्मानात आहे, आणि आम्ही फक्त कायदे तपासतो. देशाच्या सर्वोच्च तत्त्वाचा प्रश्न दारात आला आणि दार न उघडताच परत गेला, याचं मला वाईट वाटतं.

मग १७ मार्च २००५ रोजी व्हेनेतोच्या न्यायालयाने निकाल दिला. क्रूस हे इटलीच्या इतिहासाचं आणि संस्कृतीचं, म्हणून तिथल्या लोकांच्या ओळखीचं प्रतीक आहे. शिवाय ते समता, स्वातंत्र्य, सहिष्णुता आणि राज्याची धर्मनिरपेक्षता यांचंही प्रतीक आहे, असं त्यात म्हटलं होतं. धर्मनिरपेक्षतेचं प्रतीक म्हणून क्रूस! एप्रिल २००६ मध्ये रोमच्या राज्य परिषदेने, म्हणजे प्रशासकीय खटल्यांच्या शेवटच्या न्यायालयाने, हाच धागा पुढे नेला. चर्चमध्ये क्रूस ही श्रद्धेची वस्तू आहे, पण वर्गात तो परस्परांचा आदर, माणसाची प्रतिष्ठा, सत्तेपुढे विवेकाचं स्वातंत्र्य, भेदभावाला नकार ही मूल्यं सांगतो.

मी श्रद्धाळू ख्रिस्ती नाही. पण एखाद्या श्रद्धाळू माणसाच्या जागी बसून हे वाक्य वाचून पाहा. ज्याच्यासमोर तो गुडघे टेकतो, ज्याच्या जखमांवर त्याच्या धर्माचा सगळा भार आहे, त्या देहाला न्यायालय म्हणतं की भिंत बदलली की हा देव राहत नाही, मूल्यशिक्षणाचा तक्ता होतो. क्रूस वाचवण्यासाठी न्यायालयाने क्रुसातला ख्रिस्तच बाजूला काढला. आणि ज्या आईला तो नको होता तिला सांगितलं की तुला जे दिसतं ते तिथे नाहीच. दोन्हीकडच्या माणसांचा अनुभव एका वाक्यात खोडून काढला. मी सरस्वतीबद्दल वर्गात तेच करत होते. वर्गातल्या ज्या मुलीच्या घरी सरस्वतीची पूजा होत नाही तिला मी सांगत होते, ही तुझीही आहे. आणि जिच्या घरी दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला फूल वाहतात, तिला सांगत होते की ही फक्त संस्कृती आहे. दोघींनाही मी खोटं सांगत होते.

स्ट्रासबुर्ग : सात विरुद्ध शून्य

२००६ च्या जुलैत लाउत्सी स्ट्रासबुर्गला असलेल्या युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. ३ नोव्हेंबर २००९ रोजी तिथल्या सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सातांपैकी एक न्यायाधीश इटलीचे होते, तेही याच मताचे. पीठाचं म्हणणं थोडक्यात असं : शाळा सक्तीची आहे, मुलं कोवळी आहेत, समोरच्या खुणेतून ‘या शाळेवर या धर्माची छाप आहे’ असं त्यांना वाटू शकतं, आणि आईवडिलांना आपल्या मुलांना आपल्या विचारांप्रमाणे वाढवायचा हक्क आहे. भरपाई ५,००० युरो.

इटलीत भडका उडाला. पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांच्या सरकारने निकाल झिडकारला, डावीकडच्या पुढाऱ्यांनीही नापसंती दाखवली. ठिकठिकाणच्या महापौरांनी नवे क्रूस लावायचे आदेश काढले. व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल बेर्तोने उद्वेगाने म्हणाले की हे नवं युरोप आपल्याला नुकत्याच झालेल्या सणाचे भोपळे तेवढे ठेवतं आणि सर्वांत प्रिय खुणा काढून घेतं. हॅलोविन हा कोरलेल्या भोपळ्यांचा सण नुकताच झाला होता. लाउत्सी कुटुंबाला शिव्या आणि धमक्या सोसाव्या लागल्या.

मला इथे बेर्तोने यांचं दुःख खरं वाटतं. त्यात मालकीची भाषा आहे, पण आपलं काहीतरी हातातून जातंय ही भीतीही आहे. सात न्यायाधीशांनी अचूक निकाल लिहिला, पण ज्यांच्या भिंतीवरून ही खूण उतरणार होती त्यांच्याशी बोलल्यासारखं त्यात काही नव्हतं.

मार्को आणि लेओनार्दो

इटलीने मोठ्या पीठाकडे दाद मागितली. ३० जून २०१० रोजी सुनावणी झाली. इटलीच्या बाजूने हस्तक्षेप करायला दहा देशांना परवानगी मिळाली होती, त्यातल्या आठांची बाजू एकाच माणसाने मांडली : आर्मेनिया, बल्गेरिया, सायप्रस, ग्रीस, लिथुआनिया, माल्टा, रशिया आणि सान मारिनो. यातले बरेच देश ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चच्या परंपरेतले, तरी इटलीच्या कॅथलिक क्रुसासाठी ते एकत्र आले होते. आणि वकील? न्यूयॉर्क विद्यापीठात कायदा शिकवणारे जोसेफ वाइलर, धर्माचरण करणारे ज्यू. डोक्यावर किप्पा, म्हणजे ज्यू पुरुष घालतात ती लहान गोल टोपी, घालूनच ते उभे राहिले. क्रुसाची बाजू एका ज्यू माणसाने, मोबदला न घेता मांडली. 

त्यांनी एक गोष्ट सांगितली. मार्को आणि लेओनार्दो हे दोन मित्र शाळेत जायच्या वयाचे झाले आहेत. लेओनार्दो मार्कोच्या घरी जातो, भिंतीवर क्रूस पाहतो, हे काय म्हणून विचारतो. मार्को म्हणतो, तुमच्याकडे नाही? प्रत्येक घरात असायला हवा. लेओनार्दो अस्वस्थ होऊन घरी येतो. आई समजावते, ते श्रद्धाळू आहेत, आपला मार्ग वेगळा. मग मार्को लेओनार्दोच्या घरी जातो, मोकळी भिंत पाहून चकित होतो. मित्र म्हणतो, आम्ही त्या खुळचटपणावर विश्वास ठेवत नाही. आता मार्को अस्वस्थ. त्याचीही आई तेच सांगते, आपला मार्ग वेगळा. दुसऱ्या दिवशी दोघं शाळेत जातात. भिंतीवर क्रूस असेल तर लेओनार्दो घरी येऊन म्हणेल, शाळा मार्कोच्या घरासारखी आहे, आपण नक्की बरोबर आहोत ना? आणि भिंत मोकळी असेल तर मार्को म्हणेल, शाळा लेओनार्दोच्या घरासारखी आहे, बघ, त्याची गरज नाहीच.

वाइलर यांचा मुद्दा असा की मोकळी भिंतही काहीतरी बोलते. ‘धर्म नको’ ही अनेक भूमिकांपैकी एक भूमिका आहे. सरकारने भिंत कोरी ठेवली म्हणून ते तटस्थ होत नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा राणी राज्याचीही प्रमुख होती आणि चर्चचीही. म्हणून इंग्लंड असहिष्णू आहे असं कोणी म्हणत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुलं गप्प होतात. ती हुशारीने रचलेली आहे, त्यातलं मार्कोचं दुःख खरं आहे. तरी मला ती पटत नाही, आणि का पटत नाही ते शोधायला मला बराच वेळ लागला. मार्कोला कोऱ्या भिंतीवरून जे कळतं ते असं : शाळा माझ्या घराबद्दल काही बोलत नाही. लेओनार्दोला क्रुसावरून कळतं : शाळा मार्कोच्या घराच्या बाजूची आहे. बाजू न घेणं मनाला लागू शकतं, पण कोणाची तरी बाजू घेण्याइतकं नाही. कोऱ्या भिंतीवर ‘देव नाही’ असं लिहिलेलं असतं, तर दोन्ही सारखे झाले असते. कोऱ्या भिंतीवर काही लिहिलेलं नसतं. शाळेत गणिताचा तास असतो म्हणून शाळा कवितेच्या विरोधात आहे, असं कोणी मूल म्हणत नाही.

वाइलर यांनी मला एका गोष्टीत मात्र हलवलं. ज्या देशांत कोऱ्या भिंतीची सवय नाही तिथे खूण खाली उतरवण्याची कृती स्वतःच एक वाक्य होते. रिकामा खिळा कोऱ्या भिंतीसारखा नसतो. तो पाहणाऱ्याला सांगतो, इथे काहीतरी होतं आणि ते काढलं.

पंधरा विरुद्ध दोन

१८ मार्च २०११ रोजी १७ न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने निकाल फिरवला, १५ विरुद्ध २. निकालाची भाषा इटलीच्या न्यायालयांपेक्षा प्रामाणिक आहे, हे मान्य करायला हवं. क्रूस ही मुळात धार्मिक खूण आहे, असं त्यांनी सरळ म्हटलं. त्यामुळे बहुसंख्यांच्या धर्माला शाळेत जास्त ठळक जागा मिळते, हेही कबूल केलं. पण भिंतीवरचा क्रूस मूलतः निष्क्रिय प्रतीक आहे, शिकवणं किंवा प्रार्थनेत भाग घ्यायला लावणं यांच्याइतका त्याचा परिणाम मुलांवर होतो असं म्हणता येणार नाही, असं त्यांचं मत पडलं. इटलीच्या शाळांत मुली हिजाब घालून येऊ शकतात, रमजान साजरा होतो, इतर धर्मांचं ऐच्छिक शिक्षण देता येतं, याकडेही त्यांनी बोट दाखवलं. युरोपात या बाबतीत एकमत नाही. तेव्हा ठेवायचा की काढायचा हे प्रत्येक देशाने ठरवावं.

‘निष्क्रिय’ या शब्दापाशी मी अडते. याच न्यायालयाने २००१ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका प्राथमिक शिक्षिकेला हिजाब घालून शिकवायची मनाई योग्य ठरवली होती, तेव्हा हिजाबला ‘प्रभावी बाह्य प्रतीक’ म्हटलं होतं. दोन प्रकरणं सारखी नाहीत, हे खरं. तिथली मुलं चार ते आठ वर्षांची होती आणि खूण शिक्षिकेच्या अंगावर होती. पण एका बाईच्या डोक्यावरचं तिचं स्वतःचं कापड प्रभावी आणि सरकारने हुकूम काढून प्रत्येक भिंतीवर ठोकलेला देह निष्क्रिय, हे मला कसंही वाचलं तरी पटत नाही. बाई तिच्यापुरतं बोलत होती, भिंत सरकारच्या वतीने बोलते.

विरुद्ध मत देणाऱ्या दोघांनी, स्वित्झर्लंडचे मालिनव्हेर्नी आणि त्यांच्याशी सहमत झालेल्या बल्गेरियाच्या कालायजिएवा यांनी, नेमका हाच धागा धरला. शाळा सक्तीची आहे, मुलाला तिथून उठून जाता येत नाही. म्हणून तिथे सरकारवर तटस्थ राहण्याची जबाबदारी जास्त आहे. बहुमतातले माल्टाचे बोनेल्लो यांनी उलट टोक गाठलं. मानवी हक्कांच्या न्यायालयाने इतिहासाचा स्मृतिभ्रंश होऊ देऊ नये, असं त्यांनी लिहिलं. स्मृती जागी ठेवायचीच तर १९२२ चं परिपत्रकही लक्षात ठेवावं लागेल.

निकालात नसलेली एक गोष्ट सहज नजरेआड होते. वर्गात क्रूस असावा, असं मोठ्या पीठाने म्हटलेलं नाही. इटलीच्या घटनेतल्या धर्मनिरपेक्षतेत तो बसतो की नाही, हे आम्ही ठरवत नाही, असंही त्यांनी स्पष्ट केलं. तो प्रश्न इटलीकडेच राहिला.

आपल्याकडे घटनेच्या २८ व्या कलमाने रेष वेगळ्या ठिकाणी ओढली आहे : अनुदानित शाळेत कोणाला धार्मिक प्रार्थनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, त्यावरून त्याची वेतनवाढ अडली, आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. हात जोडायला लावणं आणि भिंतीवर काहीतरी असणं यात फरक आहे, तोच स्ट्रासबुर्गनेही धरला. पण मला माझ्या लहानपणीची एक वर्गमैत्रीण आठवते. प्रार्थनेला ती हात सरळ खाली ठेवून उभी राहायची. तिला कधी कोणी रागावलं नाही, कोणी सक्ती केली नाही. फक्त रांगेतले आम्ही सगळे तिच्या हातांकडे बघायचो.

बायर्नमधला कार्डिनल

जर्मनीचं उदाहरण इथे जोडते. बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या शाळांतल्या क्रुसाचा नियम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १६ मे १९९५ रोजी घटनाबाह्य ठरवला. राज्याने त्याच वर्षी नवा कायदा केला : क्रूस लावावा, पण पालकांनी गंभीर कारणाने आक्षेप घेतला तर मुख्याध्यापकाने समजुतीने तोडगा काढावा. पुढे २०१८ मध्ये मुख्यमंत्री सोडर यांनी सगळ्या सरकारी इमारतींच्या दारात क्रूस लावायचा आदेश काढला, आणि तो धर्माचा नसून बायर्नच्या संस्कृतीचा आहे असं सांगितलं.

याविरुद्ध आवाज उठवला तो म्युनिकचे कार्डिनल मार्क्स यांनी. क्रुसाकडे केवळ सांस्कृतिक खूण म्हणून पाहिलं तर तो समजलेलाच नाही, अशाने सरकार क्रुसाचा ताबा घेतं, असा त्यांचा आक्षेप होता. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने आदेश टिकवला. सरकार जिंकलं, कार्डिनलच्या आक्षेपाला मात्र त्यातून उत्तर मिळालं नाही. इटलीच्या २००५ आणि २००६ च्या निकालांबद्दल मला जे सांगायचं होतं ते इथे एका धर्मगुरूने, चर्चच्या आतून सांगितलं, म्हणून ते मला मोलाचं वाटतं.

तेर्नीचा वर्ग

लाउत्सी खटला स्ट्रासबुर्गमध्ये चालू होता त्याच काळात मध्य इटलीतल्या तेर्नी शहरात दुसरं प्रकरण सुरू झालं. तिथल्या एका व्यवसाय शिक्षणाच्या शाळेतले साहित्याचे शिक्षक स्वतःचा तास सुरू होताना क्रूस उतरवायचे आणि तास संपला की पुन्हा जागेवर लावायचे. वर्गातल्या विद्यार्थ्यांनी सभा घेऊन बहुमताने ठरवलं की क्रूस राहावा. मुख्याध्यापकांनी तसा आदेश काढला. शिक्षकांनी ऐकलं नाही, त्यांना ३० दिवस निलंबित केलं.

हे प्रकरण इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या संयुक्त पीठापर्यंत पोचलं आणि ९ सप्टेंबर २०२१ रोजी निकाल लागला. लाउत्सी निकालाइतकी चर्चा त्याची झाली नाही, पण मला तोच जास्त कामाचा वाटतो. क्रूस लावणं सक्तीचं नाही आणि लावायला बंदीही नाही. त्या त्या शाळेतल्या लोकांनी एकत्र बसून ठरवावं, हवं तर दुसऱ्या श्रद्धांच्या खुणाही शेजारी लावाव्यात. पण नुसती मतं मोजून मोकळं होता येणार नाही, आणि एकट्याला नको म्हणून सगळ्यांचं थांबवताही येणार नाही. ज्याला खुपतं त्याच्याशी बोलून वाजवी तोडगा शोधावाच लागेल : खूण दुसऱ्या भिंतीवर हलवणं, शेजारी दुसरं काही लावणं, त्या तासापुरती उतरवणं. मुख्याध्यापकांनी असा कुठलाच प्रयत्न केला नव्हता, म्हणून त्यांचा आदेश चुकीचा. निलंबन रद्द. शिक्षकांशी भेदभाव झाला हे मात्र न्यायालयाने मानलं नाही आणि नुकसानभरपाई दिली नाही.

आबानोच्या समितीने २००२ मध्ये काय केलं होतं, ते आता पुन्हा पाहा. १० विरुद्ध २, एक तटस्थ, बैठक संपली. मुलांच्या आईवडिलांना कोणी विचारलं नाही की तुमच्या मुलांना नेमकं काय खुपतं, कुठली भिंत चालेल, काय केलं तर त्यांना ही शाळा आपली वाटेल. त्या एका बैठकीत हे विचारलं गेलं असतं, तर स्ट्रासबुर्गला जावं लागलं असतं का, हे मला ठाऊक नाही. पण २०२१ च्या निकालाने शाळांना सांगितलेलं काम हेच आहे आणि ते कोणत्याही शाळेला एका दुपारी सुरू करता येतं.

माझ्या वर्गात आता तो प्रश्न आला की मी उत्तर देत नाही. फोटोकडे पाठ करून बसणाऱ्यांना आणि त्याला हार घालणाऱ्यांना एकमेकांना विचारायला लावते. गेल्या वर्षी तासभर चाललं, घंटा झाली तरी मिटलं नाही. दोघं जण मधल्या सुट्टीतही बोलत होते.

१९२४ च्या फर्मानाचं ११८ वं कलम तेर्नीच्या निकालानेही रद्द झालं नाही. न्यायालयाने ते घटनेच्या उजेडात वेगळं वाचलं : वर्गात क्रूस ‘असलाच पाहिजे’ याच्या जागी ‘असू शकतो’. त्याच कलमात त्याच्या शेजारी राजाची तसबीर अजून लिहिलेली आहे.